स्वादुपिंडातील द्वीपिकांचे प्रत्यारोपण : इन्सुलिनावलंबी मधुमेहातील नवा उपचार आणि आपली जबाबदारी

मधुमेहावरील एखाद्या नव्या संशोधनाची वार्ता वृत्तपत्रात आली की तिचे पडसाद लगेच आपल्या चिकित्सालयात उमटू लागतात. ‘पेशी टोचल्या आणि इन्सुलिन सुटले’ अशा आशयाचे मथळे गेल्या काही वर्षांत वारंवार वाचावयास मिळाले. हे मथळे सर्वस्वी खोटे नाहीत, परंतु ते पूर्ण सत्यही सांगत नाहीत. इन्सुलिनची सुई रोज टोचून घेणारा रुग्ण, किंवा अशा बालकाचे आईवडील, या वार्तेतून एकच अर्थ काढतात : इन्सुलिनवाचून जगणे शक्य आहे. त्यांचा पुढचा प्रश्न वैद्याला असतो. तो असा, की एवढे जर पेशींनी साधत असेल तर आपल्या औषधांनी का साधू नये? या प्रश्नाला जबाबदारीने उत्तर द्यावयाचे तर हा उपचार म्हणजे नेमके काय, तो कोणासाठी आहे आणि त्याचे मोल काय, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा उद्देश तेवढाच आहे.

दोन प्रकारचे प्रमेही

सुश्रुताचार्यांनी प्रमेहचिकित्सेच्या आरंभीच सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन प्रमेह सांगितले आहेत. पहिला कृश, रूक्ष, अल्पाशी आणि तृषार्त. दुसरा स्थूल, बहुभोजी, स्निग्ध आणि शय्या-आसनात रमणारा. चरकाचार्यांनीही बीजदोषाने आलेला प्रमेह असाध्य मानला आणि कृश व दुर्बल प्रमेह्यास बृंहण, तर स्थूल व बलवानास संशोधन सांगितले. ही वर्गवारी आणि आजची ‘टाइप १’ व ‘टाइप २’ ही वर्गवारी तंतोतंत एक आहे, असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि दोन्ही प्रमेह्यांना एकच चिकित्सा देऊ नये, हा इशारा आपल्याच संहितांनी देऊन ठेवला आहे. त्याचे विस्मरण होऊ नये.

टाइप १ मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातील बीटा पेशींवर उलटते आणि त्या नष्ट करते. इन्सुलिन तयार करणारे घटकच उरत नाहीत. टाइप २ मध्ये बीटा पेशी थकलेल्या असतात, पण बहुधा अस्तित्वात असतात. म्हणून आहार, व्यायाम, शोधन व शमन यांना तेथे वाव असतो. पहिल्या प्रकारात ज्याला उत्तेजन द्यावे असे काही शिल्लकच नसते. म्हणूनच, जे नष्ट झाले ते बाहेरून आणून बसवावे, ही कल्पना पुढे आली.

बेटांचा शोध

१८६९ मध्ये बर्लिन येथे पॉल लँगरहॅन्स या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात स्वादुपिंडामध्ये विखुरलेल्या लहान लहान पेशीपुंजांचे वर्णन केले. त्यांचे कार्य त्याला सांगता आले नाही. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे मिन्कोव्हस्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, आणि तो प्राणी मधुमेही झाल्याचे त्यांना आढळले. १८९३ मध्ये फ्रान्समधील लागेस यांनी त्या पेशीपुंजांना ‘लँगरहॅन्सची बेटे’ हे नाव दिले. मराठीत त्यांना द्वीपिका म्हणणे सोयीचे आहे.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे वॉटसन-विल्यम्स यांनी १५ वर्षांच्या एका मरणासन्न मधुमेही मुलाच्या त्वचेखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसवून पाहिले. मुलगा तीन दिवसांनी दगावला. इन्सुलिनचा शोध लागण्यास तेव्हा अठ्ठावीस वर्षे अवकाश होता. म्हणजे प्रत्यारोपणाची कल्पना इन्सुलिनहूनही जुनी आहे. पुढे १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांचे कार्य झाले आणि १९२२ च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलास इन्सुलिन मिळाले. त्यापूर्वी अशा मुलांना अर्धपोटी ठेवून मृत्यू थोडा लांबवणे, एवढेच वैद्यांच्या हाती होते. इन्सुलिन सहजपणे ‘बंद’ करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा काळ आठवावा.

स्वादुपिंडाचे एंझाइमच्या साहाय्याने विघटन करून द्वीपिका सुट्या करण्याचे तंत्र अमेरिकेतील सेंट लुईस येथे पॉल लेसी यांनी १९६७ मध्ये उंदरांवर सिद्ध केले. १९७२ मध्ये बॅलिंजर व लेसी यांनी अशा द्वीपिकांचे रोपण करून उंदरांचा मधुमेह आटोक्यात आणला. १९७४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात मानवी द्वीपिकांचे पहिले परदात्याकडील रोपण झाले. १९८८ मध्ये कॅमिलो रिकॉर्डी यांनी द्वीपिका वेगळ्या करण्याची अर्धस्वयंचलित पद्धत प्रसिद्ध केल्यावर मानवी स्वादुपिंडापासून पुरेशा द्वीपिका मिळू लागल्या.

प्रत्यक्ष प्रक्रिया

द्वीपिका या स्वादुपिंडाच्या एकूण वस्तुमानाच्या केवळ एक ते दोन टक्के असतात. त्यांची संख्या सुमारे दहा लाख, तर आकार मिलिमीटरचा काही अंश. मेंदूमृत दात्याचे स्वादुपिंड थंड द्रावणात ठेवून प्रयोगशाळेत आणतात. त्याच्या नलिकेत कोलॅजिनेज हे एंझाइम सोडतात. रिकॉर्डी यांच्या पात्रात ते स्वादुपिंड गोळ्यांसह हलवले जाते, तेव्हा द्वीपिका हळूहळू सुट्या होतात. नंतर घनतेच्या फरकावर त्या पाचकरस स्रवणाऱ्या ऊतीपासून वेगळ्या केल्या जातात. त्यांची संख्या, शुद्धता, जिवंतपणा व निर्जंतुकता तपासली जाते. या सर्व टप्प्यांत पुष्कळ द्वीपिका वाया जातात.

रुग्णावरील कृती त्या मानाने साधी असते. बहुधा केवळ स्थानिक भूल देऊन, सोनोग्राफी व क्ष-किरणांच्या मार्गदर्शनाखाली, यकृतातून प्रतिहारिणी सिरेत बारीक नळी घालतात आणि द्वीपिकांचे द्रावण सलाइनप्रमाणे हळूहळू सोडतात. द्वीपिका रक्तप्रवाहाबरोबर यकृतात जाऊन लहान शाखांमध्ये अडकतात आणि तेथेच रुजतात. म्हणजे स्वादुपिंडाचे कार्य यकृतात सुरू होते. स्वादुपिंडाला कोणी हातही लावीत नाही.

तथापि रक्ताशी थेट संपर्क येताच दाहक्रिया व गोठणक्रिया उफाळते आणि सोडलेल्या द्वीपिकांपैकी मोठा भाग पहिल्या काही दिवसांतच नष्ट होतो. म्हणूनच एका रुग्णाला बहुधा एकाहून अधिक दात्यांच्या द्वीपिका लागतात. रक्तस्राव व प्रतिहारिणी सिरेत गुठळी होणे हे या कृतीचे प्रमुख धोके होत.

एडमंटन आणि त्यानंतर

२००० साली कॅनडातील एडमंटन येथील जेम्स शपिरो व सहकाऱ्यांचा अहवाल प्रसिद्ध होण्यापूर्वी चित्र निराशाजनक होते. जागतिक नोंदींनुसार रोपणानंतर एका वर्षाने जेमतेम ८ टक्के रुग्णांचे इन्सुलिन सुटलेले असे. एडमंटनच्या चमूने दोन बदल केले. द्वीपिका भरपूर दिल्या, शरीराच्या प्रत्येक किलोमागे सरासरी साडेअकरा हजारांवर. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीस सुमारे सात लाख. आणि बीटा पेशींना घातक असणारी स्टेरॉइडे पूर्णपणे वगळून सिरोलिमस, अल्पमात्रेत टॅक्रोलिमस व डॅक्लिझुमॅब यांचा योग वापरला. सातही रुग्णांचे इन्सुलिन सुटले. जगभर आशेची लाट उसळली.

पुढचा भाग मथळ्यांत कमी आला. याच केंद्राने २००५ मध्ये पाच वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा इन्सुलिनमुक्त राहिलेले रुग्ण सुमारे १० टक्केच होते. नऊ केंद्रांत ३६ रुग्णांवर झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत (२००६) एका वर्षाने १६ जण इन्सुलिनमुक्त होते, दोन वर्षांनी केवळ ५.

मग हा उपचार अयशस्वी म्हणावयाचा काय? नव्हे, आणि येथेच खरे मर्म आहे. पाच वर्षांनंतरही एडमंटनच्या सुमारे ८० टक्के रुग्णांच्या रक्तात सी-पेप्टाइड सापडत होते, म्हणजे रोपलेल्या द्वीपिका अंशतः का होईना, कार्य करीत होत्या. इन्सुलिन लागत होते, परंतु कमी. आणि रक्तशर्करा अचानक कोसळून बेशुद्ध पडण्याचे प्रसंग थांबले होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४८ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीने हेच उद्दिष्ट मानले. एका वर्षाने ८७.५ टक्के रुग्णांत शर्करानियंत्रण उत्तम होते आणि तीव्र अल्पशर्करेचा प्रसंग आलेला नव्हता. इन्सुलिन मात्र निम्म्यांचेच सुटले होते.

यावरून हा उपचार कोणासाठी आहे ते स्पष्ट होते. काही दीर्घकालीन टाइप १ रुग्णांना शर्करा घसरत असल्याची पूर्वसूचनाच मिळत नाही. घाम, कंप, भूक, काहीच जाणवत नाही. थेट मूर्च्छा येते. झोपेत मृत्यूचेही भय असते. अशा निवडक प्रौढ रुग्णांसाठीच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २८ जून २०२३ रोजी लँटिड्रा या नावाने दात्याच्या द्वीपिकांच्या उपचारास मान्यता दिली. तिच्या आधारभूत अभ्यासात ३० रुग्ण होते. २१ जणांना वर्ष वा त्याहून अधिक काळ इन्सुलिन लागले नाही. त्यांपैकी १० जणांना पाच वर्षांहून अधिक काळ. पाच जणांचे मात्र एक दिवसही सुटले नाही.

द्यावी लागणारी किंमत

परक्या दात्याच्या पेशी टिकवावयाच्या तर रोगप्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे रोपण कार्यरत असेपर्यंत, म्हणजे शक्य तर जन्मभर, घ्यावी लागतात. जंतुसंसर्ग, मुखपाक, पांडुता, वृक्कांवरील दुष्परिणाम आणि काही कर्करोगांची वाढलेली शक्यता ही त्यांची किंमत होय. विरोधाभास असा की टॅक्रोलिमस स्वतःच बीटा पेशींना काही प्रमाणात अपायकारक आहे. इन्सुलिनची सुई सुटते, पण तिच्या जागी प्रतिदिन औषधे आणि नियमित रक्ततपासण्या येतात. बहुसंख्य रुग्णांसाठी, विशेषतः बालकांसाठी, हा सौदा फायद्याचा ठरत नाही.

शिवाय येथे दोन शत्रू आहेत. एक, परकेपणामुळे होणारा नकार. दुसरा, मूळ आजारच. मिनेसोटा येथे मधुमेही रुग्णांना त्यांच्या एकबीज जुळ्या भावंडांच्या स्वादुपिंडाचा भाग बसवण्यात आला होता. ऊती अगदी एकच, त्यामुळे परकेपणाचा प्रश्न नव्हता. तरीही काही रुग्णांत जुन्याच आत्मघाती प्रतिकारशक्तीने नव्या बीटा पेशीही थोड्या आठवड्यांत नष्ट केल्या. बी कितीही सकस असले तरी क्षेत्र दूषित असेल तर पीक टिकत नाही, हे आपल्या शास्त्राच्या अभ्यासकांस वेगळे सांगावयास नको.

याउलट स्वतःच्याच द्वीपिकांचे रोपण वेगळे असते. जीर्ण स्वादुपिंडशोथाच्या असह्य वेदनेसाठी स्वादुपिंड काढावे लागले तर त्यातील द्वीपिका त्याच रुग्णाच्या यकृतात सोडता येतात. १९७७ पासून मिनेसोटात हे होत आले आहे. येथे परकेपणा नाही, म्हणून ती औषधेही नाहीत. केरळासह आपल्या देशात तरुणपणीच उदरशूल, स्वादुपिंडात खडे आणि मागाहून मधुमेह अशी जी व्याधी आढळते, तिच्या रुग्णास नुसता ‘शूल’ समजून वर्षानुवर्षे चूर्णे देत राहू नये. वेळेवर योग्य तज्ज्ञाकडे पाठवावे.

मूलपेशींची वाट

आपल्या देशात मरणोत्तर अवयवदात्यांचे प्रमाण दर दहा लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी आहे. दात्यांच्या द्वीपिकांवर अवलंबून राहिल्यास हा उपचार मूठभरांपलीकडे कधीच जाणार नाही. म्हणून प्रयोगशाळेत मूलपेशींपासून द्वीपिका घडवण्याचे प्रयत्न चालू झाले. २०२५ च्या जूनमध्ये झिमिस्लेसेल या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांचे इन्सुलिन एका वर्षाने सुटलेले होते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे मात्र येथेही होती, आणि अभ्यासातील दोन रुग्णांचे निधन झाले. त्यांपैकी एकाचे बुरशीजन्य मस्तिष्कावरणशोथाने.

२०२४ मध्ये चीनमधील तिआनजिन येथील २५ वर्षांच्या स्त्रीवर तिच्याच पेशींपासून घडवलेल्या द्वीपिकांचे उदराच्या भित्तीत रोपण झाल्याचे व सुमारे अडीच महिन्यांनी तिचे इन्सुलिन सुटल्याचे वृत्त गाजले. परंतु यकृतप्रत्यारोपणामुळे ती आधीपासूनच प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत होती, हे बहुतेकांनी वाचले नाही. स्वीडनमधील उप्सला येथे जनुकीय बदल केलेल्या द्वीपिका एका रुग्णाच्या बाहूच्या स्नायूत बसवल्या गेल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणतीही दमनकारी औषधे न देता त्या बारा आठवडे तगल्या व इन्सुलिन स्रवत राहिल्या. मात्रा मुद्दाम अल्प ठेवल्याने रुग्णाचे इन्सुलिन चालूच होते. ही वाट आशादायक खरी, पण ती अजून वाट आहे, मुक्काम नव्हे.

येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. ‘स्टेम सेल’ या शब्दाचा बाजार आपल्याकडेही भरला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारादी ठरावीक व्याधींतील रक्तनिर्मितीच्या मूलपेशींचे रोपण वगळता मूलपेशींचा अन्य वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. मधुमेहासाठी पैसे घेऊन मूलपेशी टोचणाऱ्याकडे आपला रुग्ण निघाला असेल तर त्याला थांबवणे हे आपले काम आहे.

चिकित्सालयातील प्रश्न

माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा अनुभव बहुतेक सारखाच असतो. मुलाला नुकतेच निदान झालेले असते, इन्सुलिन सुरू होऊन एक-दोन महिने झालेले असतात आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून काढा चालू असतो. इन्सुलिनची मात्रा निम्म्यावर आलेली असते आणि घरचे काढ्याला धन्यवाद देत असतात. वस्तुतः निदानानंतर इन्सुलिन सुरू होताच उरल्यासुरल्या बीटा पेशींना विसावा मिळतो व काही आठवडे वा महिने त्या बऱ्यापैकी काम करतात. इन्सुलिनची गरज आपोआप घटते. हा काळ तात्पुरता असतो. या काळात दिलेले कोणतेही औषध यशस्वी भासते. वैद्याने हे श्रेय घेऊ नये आणि या भासावर विसंबून इन्सुलिन बंद तर मुळीच करू नये.

मद्रास येथे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इन्सुलिन घेणाऱ्या २७ रुग्णांवरील गुडमाराच्या अभ्यासाचा दाखला पुष्कळदा दिला जातो. त्यात इन्सुलिनची गरज कमी झाल्याचे नोंदले आहे. पण गुडमार इन्सुलिनसोबत दिला होता, इन्सुलिनच्या जागी नव्हे. टाइप १ रुग्णाचे इन्सुलिन थांबले तर एक-दोन दिवसांतही रक्तातील आम्लता वाढून वांती, उदरशूल, दीर्घ श्वास, ग्लानी व मूर्च्छा अशी अवस्था येऊ शकते. अशा रुग्णास छर्दीची औषधे देत बसणे म्हणजे मोलाचा वेळ गमावणे होय. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

प्रत्यारोपित रुग्ण आणि आपली औषधे

द्वीपिकांचे रोपण झालेला रुग्ण आपल्यापैकी फार थोड्यांना भेटेल. परंतु वृक्क वा यकृत प्रत्यारोपित रुग्ण गावोगावी आहेत, आणि औषधे तीच आहेत. म्हणून वैद्य व औषधविक्रेते या दोघांनीही पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, त्रिकटू. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत अटल व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी त्रिकटूचे योगवाहित्व आधुनिक कसोट्यांवर दाखवले. मिरी-पिंपळीतील पिपरिन अन्य औषधांची रक्तातील पातळी वाढवते. आपल्या शास्त्राचा हा गौरव आहे. परंतु ज्या रुग्णाची टॅक्रोलिमसची मात्रा रक्तपातळी मोजून मिलिग्रॅमच्या अंशात ठरवली जाते, त्याच्यासाठी हेच योगवाहित्व घातक ठरू शकते. आपल्या किती योगांत पिंपळी वा मिरी आहे, याचा प्रत्येकाने आढावा घ्यावा. पपनसासारख्या फळानेही ही पातळी वाढल्याची नोंद आहे.

दुसरी गोष्ट, रसायने. गुळवेल, अश्वगंधा यांसारखी द्रव्ये आपण व्याधिक्षमत्व वाढवण्यासाठी देतो. प्रत्यारोपित रुग्णात चिकित्सेचा हेतू नेमका उलट असतो. ‘प्रतिकारशक्तीसाठी घ्या’ असे म्हणून दुकानातून सहज दिलेली बाटली येथे निरुपद्रवी मानता येत नाही. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतशोथ झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिचे निष्कर्ष अमान्य केले. हा वाद कसाही सुटो, ज्याच्या द्वीपिका यकृतातच रुजल्या आहेत, त्याच्यावर तो प्रयोग करून पाहणे कोणासही शोभणार नाही.

तिसरी गोष्ट, विक्रीची. औषध देण्यापूर्वी ‘अवयवरोपण झाले आहे काय, टॅक्रोलिमस, सिरोलिमस वा सायक्लोस्पोरिन चालू आहे काय’ एवढे विचारावे. उत्तर होकारार्थी असेल तर प्रत्यारोपण केंद्राच्या संमतीवाचून काहीही देऊ नये. तसेच १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात मधुमेहाचा समावेश आहे. ‘इन्सुलिनपासून मुक्ती’ असा फलक दुकानावर लावणे अनैतिक आहेच, शिवाय बेकायदेशीरही आहे.

समारोप

द्वीपिकांचे प्रत्यारोपण ही गेल्या शतकाहून अधिक काळ चाललेली एक चिकाटीची साधना आहे. तिने आजवर सिद्ध केले ते असे, की नष्ट झालेल्या बीटा पेशींची जागा भरून काढता येते. आणि हेही, की ती जागा केवळ जिवंत बीटा पेशीच भरू शकतात. अन्यथा उरते ते इन्सुलिन. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णासाठी आपल्याकडे करण्यासारखे पुष्कळ आहे : आहारविधी, दिनचर्या, पादरक्षण, बृंहण, अग्निरक्षण, मनोबल. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला दिवसातून चार वेळा सुई टोचून घेताना जो धीर लागतो, तो देणे हीदेखील चिकित्साच आहे. ‘हे इन्सुलिन थांबवता येणार नाही’ असे वैद्याने स्वच्छ शब्दांत सांगितले, तर रुग्णाचा विश्वास कमी होत नाही. उलट पुढच्या वेळी वृत्तपत्राचे कात्रण हाती आले की तो प्रथम आपल्याकडेच येतो, आणि त्याचे इन्सुलिन चालू असते.